देवाची वर्गणी, माझी विक्री

आप्पा, माझं डोकं उठलंय आणि ऐकून घेणारं घरात कोणी नाही. यांना सांगायला गेलं की हे एवढंच म्हणतात, "तुला कोण म्हणालं होतं गावाची बँक हो म्हणून?" आणि पेपर तोंडापुढं धरतात. तुम्ही उभी हयात दौंडच्या जकात नाक्यावर काढलीत. कर म्हणजे काय हे आपल्या घरात तुमच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. जकात बंद झाली, तुम्ही घरी बसलात, आणि पुढं सगळ्या करांचा मिळून जीएसटी नावाचा एक कर झाला तो बघायला तुम्ही नव्हता. एकच कर, सुटसुटीत कर, असं जो तो सांगायचा. मागच्या नवरात्रात त्याचे दर उतरले. तूप, साबण, टूथपेस्ट स्वस्त झालं म्हणून मी पिशवी घेऊन दुकानात गेले, तर दुकानदार म्हणतो, "काकू, ह्यो जुना माल हाय, जुन्याच भावानं जाणार." मी म्हटलं, "बाबा रे, दर चढतात तवा तुझा जुना माल एका दिवसात नवा कसा होतो?" तो हसला आणि सुटे पैसे मोजायला लागला. एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला उठवलं नसतं.

मला नोटीस आली आहे. सणसवाडीत कंपन्यांच्या कामगारांना डबे करून देणाऱ्या, मॅट्रिक पास बाईला. तुमच्या खात्यात वर्षभरात वीस लाखांच्या वर रक्कम जमा झालेली दिसते, एवढी उलाढाल असून तुम्ही जीएसटीची नोंदणी का केली नाही, खुलासा करा. उलाढाल! मी पोळ्या उलटते, आप्पा, दुसरं काही उलटत नाही. आधी वाटलं पाकीट चुकून आलं. मग बँकेचा उतारा काढला, चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. रक्कम खरीच होती. फक्त माझी नव्हती.

आता सगळे पैसे फोनवरून देतात. भिंतीला एक चौकोनी छापील कोड चिकटवायचा, समोरच्यानं त्याच्यावर फोन धरायचा, की पैसे आपल्या खात्यात येतात. डब्यांसाठी मी तो चिकटवला. मग दत्ताच्या देवळातल्या पौर्णिमेच्या अन्नदानाची वर्गणी आली. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडंच येऊ द्या समद्यांचं, तुमचा हिशेब चोख असतोय." देवाच्या कामाला नाही म्हणायचं माझ्या जिभेला जमत नाही. मग आळीतल्या बायकांची भिशी आली, कारण बाकीच्यांच्या फोनवर नवऱ्यांची नजर. मग माझ्याकडं डबा असलेली बिहारकडची पोरं. एकाचं कार्ड हरवलं, म्हणून त्याच्या भावानं पैसे माझ्या खात्यात टाकले आणि मी त्याला रोख दिले. झालं, ती वाटच पडली. एका दारानं आलं, दुसऱ्या दारानं गेलं. सगळं माझ्या वहीत आहे, कुणाचे आले, कुणाला दिले, तांदूळ किती घेतला, गूळ कुठून आणला. मला वाटायचं, वही स्वच्छ आहे म्हणजे मी स्वच्छ आहे.

शिरूरला टॅक्सची कामं बघणारा एक मुलगा आहे, मूळचा यवतचा, बोलायला गोड. वही त्याच्यापुढं ठेवली. त्यानं दोन पानं चाळली, म्हणाला, "काकू, अक्षर छान आहे." मी म्हटलं, अक्षराचं राहू दे. तर म्हणतो, "वही तुमची, लिहिलेलं तुमचं. त्याला पुरावा कसं म्हणणार? खात्यात पैसा आला की ती विक्री, असं धरूनच चालतात. नाही झाली विक्री, हे तुम्ही दाखवायचं. ज्याचे पैसे त्याच्याकडून सही आणा, आधारची झेरॉक्स आणा." मी म्हटलं, "अन्नदानाची पंगत जेवून उठली, तिची झेरॉक्स कुठून आणू?" तोही हसला. माझ्यापुढं हल्ली सगळे हसतात.

शिरूरहून येताना बसमध्ये तुमचा नाका आठवत होता. पत्र्याची शेड, आडवा बांबू, बांबूच्या टोकाला दोरीनं बांधलेला धोंडा. मी डबा घेऊन आले आहे आणि तुम्ही माझ्याकडं बघतही नाही, कारण कांद्याचा ट्रक उभा आहे. तुम्ही पोत्यात लोखंडी नळी खुपसता, बाहेर काढता, वास घेता. ड्रायव्हर खाली उतरून काहीतरी सांगतो. तुम्ही त्याच्या तोंडाकडं बघता, ट्रककडं बघता, एक चिठ्ठी फाडता आणि बांबू वर करता. पैसे घेत नाही. मी विचारलं, याचे का नाही घेतले? "माल गावात उतरनार न्हाई, पोरी. ह्या नाक्यानं आत, त्या नाक्यानं भाईर. नुसत्या जाणाऱ्यावर जकात न्हाई." आता सांगा, माझ्या खात्यातून काय वेगळं जात होतं? पण तुमच्या वेळी कुणीतरी पोत्यात नळी घालून बघत होतं. आता पोतं बघत नाहीत, बांबू किती वेळा वर गेला तेवढंच मोजतात.

तुम्ही होतात तरी कुठं मऊ, म्हणा. माझ्या लग्नाला मामानं केडगावहून टेम्पोत तांब्याची भांडी आणली. नाक्यावर नेमके तुम्ही. मामा म्हणाला, "दाजी, पोरीच्या लग्नाची भांडी हायेत." तुम्ही म्हणालात, "व्हय, म्हनून तर पावतीवर पोरीचं नाव टाकलंय." मामा मांडवात येऊन कोपऱ्यात बसला, तो आई हातापाया पडल्यावर जेवला. आणि मी मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही मला हिशेबाची जाड वही दिलीत, आतल्या पानात दुकानाची पावती टाचून. का, तर उद्या कोणी म्हणायला नको, कारकुनानं नाक्यावरची वही पोरीला दिली. बक्षीस देतानाही तुम्ही स्वतःचा पुरावा जोडलात. तेव्हा राग आला होता. या महिन्यात रोज वाटलं, माझ्याही प्रत्येक ओळीला अशी एक टाचणी असती तर.

सह्या गोळा करायला निघाले. बिहारची पोरं पहिल्याच दिवशी आली. "माताजी, आधार ले लो, दो कॉपी ले लो, बोलो तो फोटो भी खिंचवा देंगे." त्यांना वाटलं मला कुणी पकडून नेणार आहे. अध्यक्षांनी मात्र चार खेपा घालायला लावल्या. "वहिनी, देवाच्या कामाला कागद कशाला?" मी म्हटलं, "देव मागत न्हाई भाऊजी, हाफिस मागतंय. देवानं मागितला असता तर मी नुसता नमस्कार करून वेळ मारून नेली असती." तेव्हा कुठं त्यांनी पत्र दिलं.

अडलं ते आमच्या भिशीत. चार जणी सही द्यायला तयार नाहीत. शेजारीण म्हणते, "ताई, माझं रेशन जाईल गं. खात्यात पैसं दिसलं म्हंजी नाव कापत्यात." कापतात की नाही हे मला माहीत नाही, तिलाही नाही, पण भीतीला पुरावा लागत नाही. दुसरीच्या नवऱ्याला भिशी आहे हेच ठाऊक नाही. तिसरी, चौथी नुसत्या मान खाली घालून, "तुम्ही शिकलेल्या, ताई, तुम्ही करा काहीतरी." शिकलेली! मॅट्रिकवर किती दिवस शिकलेली म्हणवून घेऊ?

टॅक्सवाला मुलगा म्हणाला, "सह्या नाहीत तर नसू द्या. बँकेच्या उताऱ्यात त्यांची नावं आहेतच. आपण खुलाशात चौघींची नावं, पत्ते लिहू, त्यांना विचारतील तर विचारू देत. तेवढी रक्कम वगळली की तुम्ही वीस लाखांच्या खाली येता, प्रकरण मिटलं. नाही वगळली तर वर राहता. मग नोंदणी, कर, दंड, आणि इथून पुढं दर तिमाहीला विवरणपत्र." मी विचारलं, "त्यांच्या दारात माणूस जाईल?" म्हणाला, "पत्र तरी जाईलच."

तुम्ही लिहिली असती नावं. क्षणाचाही विचार केला नसता, आणि ते बरोबरच झालं असतं. पैसे त्यांचे आहेत, नाव त्यांचं आहे, खोटं काहीच नाही. मी दोन दिवस तेच स्वतःला सांगितलं. पूजेला बसले तरी तेच. शेजारीण तिसऱ्या दिवशी वाटीभर साखर मागायला आली आणि दाराबाहेरच उभी राहिली, आत आली नाही. पूर्वी थेट चुलीपर्यंत यायची. मी साखर दिली. ती वाटीकडं बघत म्हणाली, "लिवलंस का गं माझं नाव?" मी म्हटलं, "न्हाई." तेव्हा लिहिलंही नव्हतं आणि न लिहायचं ठरलंही नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

काल शिरूरला जाऊन खुलासा दिला. चौघींची नावं घातली नाहीत. तेवढी रक्कम माझी विक्री म्हणून राहिली, म्हणजे कागदावर मी आता व्यापारी आहे, आप्पा. दंडापोटी काय निघेल ते डब्यांतून फेडायचं, म्हणजे पुढची दिवाळी बिनसाड्यांची. यांना सांगितलं तर यांनी पेपर खाली ठेवला. अध्यक्षांना कळलं तेव्हा म्हणाले, वहिनी फार मोठ्या मनाच्या. देवळात चार माणसांपुढं म्हणाले. मी मान हलवली.

ते खरं नाही. मोठं मन वगैरे काही नाही. दौंडला दिवाळीत आपल्या घरी फराळाला कोणी यायचं नाही. आई चकल्यांचं ताट झाकून ठेवायची आणि संध्याकाळी आपणच खायचो. तुम्ही म्हणायचात, नाक्यावरच्या माणसाकडं कोण येणार, आणि पुढची चकली उचलायचात, जसं काही त्याचं तुम्हाला काहीच नाही. मला होतं, आप्पा. अजून आहे. बाकी लोकांना ती दया वाटली, मी वाटू दिली. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की मी घाबरले.