एकवीस डिसेंबर मोकळा आहे

१४ फेब्रुवारी
आमच्या मुलीच्या, डेलियाच्या लग्नाची तारीख मीच काढली. आमच्या गावात कॉलेज फुटबॉलच्या शनिवारी लग्न ठेवलं तर नवऱ्या मुलाशिवाय कुणी येत नाही. तोही येईलच असं नाही. म्हणून एकवीस डिसेंबर. बायको लोर्ना म्हणाली, वेंडेल, यंदापासून सीझनअखेरच्या प्लेऑफमध्ये चारऐवजी बारा टीम आहेत आणि पहिला राउंड त्याच शनिवारी आहे. तिने नियम अर्धाच वाचला. पहिल्या चार टीमना त्या राउंडला सुट्टी असते. आपलं कॉलेज पहिल्या चारात असणार. विषय संपला.

३१ ऑगस्ट
जिंकलो! क्वेंटन बोल्डर, आमचा बावीस नंबर, तीन टचडाउन. पोरगा अगदी घरच्यासारखा आहे. अजून भेट झालेली नाही. सही घ्यायचीय.

१७ सप्टेंबर
भेट झाली! सुपरमार्केटमध्ये, अंड्यांपाशी. मी सांगितलं, बाळा, तिसऱ्या वर्षानंतरच पैशाच्या प्रो लीगकडे पळू नकोस, चौथं वर्ष खेळ, पदवी घे. तो म्हणाला, येस सर, जरा बाजूला होता का?
म्हणजे शब्द दिला. पेन नव्हतं, सही राहिली.

६ ऑक्टोबर
डेलियाने एकच गोष्ट मागितलीय. डॅडी, बाकी काही नको, रिसेप्शनला सगळ्यांसमोर माझ्याबरोबर एक नाच, नीट. गॅरेजमध्ये सराव सुरू. एक-दोन-तीन, वळा. चारदा तिच्या पायावर पाय. म्हणाली, डॅडी, तुझं दुकान गवत कापायच्या मॉवरचं आहे, पण मी गवत नाहीये.

१ डिसेंबर
सीझनची शेवटची मॅच तीन पॉइंटनी गेली. काही बिघडत नाही. चौथा नंबर पक्का.

८ डिसेंबर, दुपारी २
पाचवा.

८ डिसेंबर, ३.१५
म्हणजे पहिला राउंड खेळायचा. आमच्याच मैदानावर. एकवीस तारखेला, संध्याकाळी सहाला. हॉलपासून स्टेडियम चालत नऊ मिनिटं आहे. मुद्दाम मोजलं नाही, सहज माहीत आहे. डेलियाला विचारलं, तारीख बदलता येईल का? म्हणाली, तारीख नाही, बाप बदलते. बायबलवर हात ठेवून शपथ घेतली: त्या दिवशी फुटबॉल नाही.

८ डिसेंबर, ४.३०
तिकीट घेतलं. नुसतं आठवण म्हणून.

१२ डिसेंबर
बोल्डरने जाहीर केलं: कॉलेज सोडून प्रोकडे जातोय, गुडघा जपायचा म्हणून प्लेऑफ खेळणार नाही. सगळं गाव सुतकात. मी एकटा शांत. ही चाल आहे. ऐनवेळी हेल्मेट घालून मैदानात येणार. मला शब्द दिलाय.

१५ डिसेंबर
डेलियाची मैत्रीण टॅमसिन विचारत होती, लग्नाला एका मित्राला आणू का, त्याचा शनिवार अचानक मोकळा झालाय. मी म्हटलं, या गावात ज्याचा हा शनिवार मोकळा आहे, त्याला स्वाभिमान नसणार. कोपऱ्यातल्या टेबलावर बसवा. दोघी एवढ्या का हसल्या, कळलं नाही.

२१ डिसेंबर, सकाळी ७
प्लॅन. तीनला चर्च. साडेपाचला जेवण. पावणेसहाला "गाडीचे दिवे चालू राहिलेत वाटतं" म्हणून बाहेर. बोल्डर मैदानात येताना बघायचं, फक्त तेवढंच. साडेसातला नाच, सातला मी हॉलमध्ये. शर्टाच्या आत बावीस नंबरची जर्सी. कुणाला कळत नाही.

६.२० (लग्नाच्या पेपर नॅपकिनवर)
०-१४. बोल्डर नाही. ताणून धरतोय.

७.२५
०-२८. हाफटाइम. दुसऱ्या हाफमध्येच येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. नाच कधी वेळेवर सुरू होतो?

८.०५
३-३८. शेजारचा म्हणाला, काका, तुम्ही सुटाबुटात, कुणी गेलं का? निघालो.

२२ डिसेंबर
बँड वेळेवर सुरू झाला. वेळेवर! या गावात! डेलिया हॉलच्या मधोमध उभी, गाणं चालू, बापाचा पत्ता नाही. लोर्ना सांगत होती, दोन मिनिटं पोरगी तशीच हसत उभी होती, मग हसणं संपलं. तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरचा टॅमसिनचा मित्र उठला, म्हणाला, मॅम, मी चालेन का? काय नाचला म्हणे! एकदाही पाय तुडवला नाही.
मी विचारलं, कोण होता?
 लोर्नाने माझ्या शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि आतल्या नंबरावर बोट ठेवलं.

१८ जानेवारी
अल्बम आला. पान अकरा. खाली छापलंय: मुलीचा वडिलांबरोबर नाच. बोल्डरचा गुडघा उत्तम दिसतोय. फोटोवर पेनने लिहिलंय, "सर, तुमची जागा सांभाळली." खाली सही.
डेलियाला फोन केला. म्हणाली, सही तुला हवी होती ना, डॅडी, म्हणून मागून घेतली. मी थँक्यू म्हटलं.
नंतर गॅरेजमध्ये जाऊन स्टेप्स करून बघितल्या. अजून येतात. एक-दोन-तीन, वळा. समोर धरायला कुणीतरी लागतं, म्हणून मॉवरचा दांडा धरला.