पन्नास फुलपाखरं आणि एक दातपाड्या

३ ऑगस्ट, रविवार
फुलपाखरू ग्रुपची पहिली फेरी. तलावामागचं रान. बारा माणसं, त्यात बायकोही. घरी बसून मी काय करू म्हणाली. पाण्याची बाटली धरायला कोणीतरी लागतंच, म्हणून हो म्हटलं.
ग्रुपचा प्रमुख दाताचा डॉक्टर. यापुढे दातपाड्या. पहिल्या दहा मिनिटांत मी एक तपकिरी फुलपाखरू शोधलं, तर सगळ्यांदेखत म्हणतो, काका, तो पतंग आहे. काका! माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असेल लेकाचा. सगळे हसले. सगळ्यात जास्त कोण हसलं ते लिहीत नाही, घरात शांतता हवी.
दातपाड्याचे गुडघे गेलेत (देव आहे!). महिनाअखेर तो पद सोडणार. फोटोसकट पन्नास जाती ज्याच्या यादीत, तो नवा प्रमुख.
म्हणजे मीच. तेहेतीस वर्षं स्टोअरकीपर होतो, सहा माणसं हाताखाली. रिटायर होऊन तीन महिने झाले, तेव्हापासून माझ्या सांगण्यावरून घरात कोणी दिवासुद्धा बंद केलेला नाही. आता अकरा माणसं माझ्या मागून चालतील आणि मी बोट दाखवीन तिकडे बघतील. दातपाड्या सगळ्यात शेवटी, लंगडत.

४ ऑगस्ट, रात्री
संकल्प. पहाटे पाचला उठणे. फुलपाखरांच्या पुस्तकाची रोज वीस पानं. चिडणे बंद.

५ ऑगस्ट
आठला उठलो. ऊन तापल्याशिवाय फुलपाखरंही उठत नाहीत, मग पाचला उठून मी काय त्यांचं दार वाजवू? पुस्तकाचं दीड पान वाचलं. बारीक टाइप. लिहिणारा दातपाड्याचा नातेवाईक असावा.

९ ऑगस्ट, शनिवार
यादी चौदावर! माझी पद्धत साधी आहे. स्टोअरचा नियम: दिसायला वेगळं, तर नोंद वेगळी. काळा बोल्ट आणि पांढरा बोल्ट एका खणात टाकणारा माणूस मी बघितलाय, त्याची बदली केली होती. आज एका काडीवर वाळक्या पानासारखं फुलपाखरू टिपलं. नोंद तेरा. लगेच त्याच काडीवर निळं-केशरी, झगझगीत. नोंद चौदा. एका मिनिटात दोन! दातपाड्याला जन्मात जमणार नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
यादी एकतीस. बायकोशी भांडण. ती म्हणते, अहो, ते वाळकं पान आणि ते निळं एकच. पंख मिटले की पान, उघडले की निळं. शिवाय म्हणे काळं ठिपकेवालं आणि केशरी हे नवरा-बायको आहेत. मी विचारलं, नवरा-बायको इतके वेगळे असतात का? तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मुद्दा पटला.
तिला ताकीद दिली, तू बाटली धर. तेही नीट नाही. सारखी मागे रेंगाळते, झुडपात वाकून बसते.

२४ ऑगस्ट, रविवार
सेहेचाळीस. चिखलात पडलो. दातपाड्याने हात पुढे केला, घेतला नाही. दुसऱ्यांदा पडलो. तेव्हाही नाही.

२८ ऑगस्ट, संध्याकाळी ६
पन्नास! शिट्टी विकत आणली. टोपीवर ‘प्रमुख’ असं शिवायला दिलं. शिंपी विचारत होता कशाचे प्रमुख. नसत्या चौकशा.
मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, खूप दिवसांनी तुमचा आवाज असा ऐकला. वर मला थोडं रडू आलं असं तिचं म्हणणं. सर्दी आहे.

३१ ऑगस्ट, रविवार
यादीतपासणी, दातपाड्याच्या दवाखान्यात. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मला पेशंटच्या खुर्चीत बसवलं. समोरच्या पडद्यावर, जिथे लोकांच्या दाढा दाखवतो, तिथे माझे फोटो. तेरा आणि चौदा शेजारी शेजारी लावले. तीच काडी, तोच फाटलेला डावा पंख. मग काळं आणि केशरी. मग मागून काढलेलं आणि पुढून काढलेलं. एकेक नोंद उपटत गेला, भूल न देता. आवाज मात्र गोड. काका, होतं असं सुरुवातीला.
पन्नासाचे एकोणीस राहिले. पैकी दोन पतंग, म्हणजे सतरा.
तेहेतीस वर्षांत माझ्या स्टोअरमध्ये एक वॉशर कमी भरला नव्हता. फार लागलं. लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही.
मग बायकोने पर्समधून फोन काढला. त्रेपन्न. एकही उपटता आली नाही. टाळ्या. दातपाड्या उठून उभा राहिला, त्या गुडघ्यांवर.
घरी येताना ती म्हणाली, अहो, तुम्हाला सांगत होते ना मी. मग म्हणाली, पुढच्या रविवारी माझ्या शेजारून चाला, मागून नको. मी ग्रुपचा राजीनामा दिला. बसमध्येच, तोंडी.

७ सप्टेंबर, रविवार, सकाळी ९
ती दहा जणांना घेऊन रानात गेली. टोपी मागितली. दिली. शिट्टी दिली नाही, म्हटलं हरवली.
घरात कोणी नाही. बरं वाटतंय. चहा स्वतः केला, उतू गेला.

९.४०
खिडकीतून एक फुलपाखरू आत आलं. माझ्या बाहीवरच बसलंय. पिवळट, कडेला काळी नक्षी. हलत नाही. मीही हललो नाही, म्हणून अक्षर असं. पुस्तक दुसऱ्या खोलीत.
नाव माहीत नाही. ती आली की विचारीन. परीक्षा म्हणून.