काळाही ढालकिडाच

माय, तू असतीस तर आज मी धावतच तुझ्याकडे आले असते! गोष्ट इवल्या, गोल पाठीच्या ढालकिड्यांची आहे आणि वाद थेट तुझ्याशी आहे.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आपल्या शहापूरच्या बरबटीच्या वेलांना, शेंगांना मावा कीड लागली होती. तू लाखोळी डाळीच्या बांधीतून लाल ढालकिडे वेचून पितळी डबीत आणायचीस, बरबटीवर अलगद सोडायचीस आणि ते मावा कसा फस्त करतात ते मला कौतुकाने दाखवायचीस. मी हौसेने एक काळा आणला, तर हातावर चापट! "ह्याले कायले आणलं वो? हा वांग्याची पानं खाते. लाल ठेव, काळा मार." पुढे ती डबी तू मलाच दिलीस. तुझा शब्द म्हणजे शब्द, म्हणून तू गेल्यावरही आम्ही भावंडं काळे मारतच आलो.

यंदा बरबटीवर काळेच काळे. भाऊ म्हणाला, औषध फवारून टाकू. फवारलं की लालही मरणार, म्हणून मी त्याला थोपवून धरलं. शिवाय एका पानावर मला लाल आणि काळा जोडीने दिसले होते! ती जोडी मी पानासकट बरणीत घातली, वर फडकं बांधलं. अंडी झाली, अळ्यांना रोज मावा चारला. आज सकाळी कोषांतून किडे निघाले, तर सगळे पिवळे, एकावरही ठिपका नाही. हळूहळू रंग चढले. एक नागमोडी रेघांचा लाल, एक ठिपकेवाला आणि बाकीचे चक्क काळे. एकाच आईची लेकरं, माय! सगळ्यांची पाठ तुळतुळीत, डोक्यामागे पांढुरकी पट्टी आणि तिच्यावर तीच काळी खूण. वांग्याची पानं खाणारा तो मेला किडा वेगळाच, मळकट, अंगावर बारीक लव. आपण आयुष्यभर पाठीचा रंग पाहत बसलो, पाहायची होती मान!

तेवढ्यात भाऊ पंप पाठीवर घेऊन निघाला. "मायनं तं काळे मारायले सांगतलं होतं," म्हणून अडून बसला. मी बरणी त्याच्या नाकाशी धरली. त्याने पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि पंप खाली ठेवला.

"आता मायले कोन सांगन?"

मी सांगते म्हटलं आणि लिहायला बसले. हे पाठवायचं कुठे, ते काही ठाऊक नाही. पण एक सांगू? मघाशी बरणी बरबटीवर मोकळी केली, तेव्हा लाल आधी सोडले. काळा बोटावर चढला तसा माझा हात आपोआप मागे गेला, तुझी चापट बसेल म्हणून. बसली असती तर फार बरं वाटलं असतं, माय.