पाळण्याचा वारस

मी, हन्ना देवदान लोखंडे, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार मलकापूर, तालुका कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पोटातल्या गाठीबद्दलचा त्यांचाच दुसरा कागद कपाटात आहे, तो जोडायची गरज नाही.

मी लग्न केले नाही. धाकटा भाऊ योनाथान वारला. त्याचा एकुलता एक मुलगा शमुवेल सांगलीत नोकरी करतो, पूजा ही त्याची बायको. आम्ही ख्रिस्ती असलो तरी बाप्तिस्म्याआधी आमच्या घरात बारसे होते. नाव बायबलमधलेच असते, पण ते आधी आत्याने बाळाच्या कानात सांगायचे. शमुवेलचे नाव मीच सांगितले, तेव्हा तो माझ्या तोंडावर शिंकला होता. त्याला बहीण नाही, म्हणून त्याच्या मुलाच्या नावाचा मानही माझ्याकडेच होता.

कलम १. मलकापूरचे दोन खोल्यांचे घर पूजाच्या एकटीच्या नावे करावे. शमुवेलने वाईट वाटून घेऊ नये. घेतले तरी माझी हरकत नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिला दिवस राहिले आणि मुलगा सातव्या महिन्यातच झाला. सांगलीच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवले होते. मी शमुवेलला म्हटले, मला आत ने, कानाशी एवढे नाव सांगते. तो बाकावर मोबाईल घेऊन बसला होता. त्यात मुलग्यांची हिब्रू नावे, अर्थासकट. एझ्रा, आशेर, लेवी, कालेब. एक अर्थ वाचायचा, बोटाने वर सरकवायचा, पुढचा वाचायचा.

"आत्या, तू म्हणतीस ते लय जुनं वाटतंय गं. शाळंत पोरं चिडीवतील."

"मग दुसरं ठरव. पण आज ठरव."

"घाई कशाला? आदी पेटीतनं भाईर तर यिऊ दे त्याला. बारसं झोकात करू."

मुलगा नवव्या दिवशी पेटीतून बाहेर आला, तो पुरायलाच. त्याच्या दाखल्यावर 'पूजा शमुवेल लोखंडे यांचे बाळ' एवढेच आहे. पूजाला आता मूल होणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. घराने काही भरून येणार नाही हे मला कळते. पण रडायला बाईला स्वतःची जागा असावी.

कलम २. शिलाई मशीन शेजारच्या राहीबाईला द्यावे. कराडच्या निम्म्या ख्रिस्ती पोरांची बाप्तिस्म्याची झबली या मशीनवर शिवली. आमच्या बाळाचे मी आधीच शिवून ठेवले होते, सहा महिन्यांच्या अंगाचे. त्यातच त्याला पुरले. चारी बाजूंनी दुमडावे लागले, तेव्हा मी दुमडून धरले आणि टाके राहीबाईने घातले. तिला कोणी मशीनबद्दल हटकू नये.

कलम ३. भिंतीवरचे घड्याळ चर्चचे कारभारी लालासाहेब यांना द्यावे. बाप्तिस्मा न झालेले मूल म्हणून त्यांनी बाळाला दफनभूमीत कुंपणाकडेची जागा दिली आणि माती पडेपर्यंत सारखे मनगट बघत राहिले. घड्याळ बंद आहे. दुरुस्त करून देऊ नये.

कलम ४. बँकेतल्या शिलकीतून माझे दफन करावे, उरेल ते आणि घरातले बाकी सारे पूजाचे. आईवडिलांशेजारी माझ्यासाठी राखलेली जागा मला नको. कुंपणाकडेला पुरावे.

कलम ५. घरात एक सागवानी पाळणा आहे. त्यात योनाथान झोपला, शमुवेल झोपला. दफनाहून आल्यावर पूजा त्याची दोरी धरून बसली आणि म्हणाली, "आवं आत्याबाई, रडताना हाक तरी काय म्हणून मारू त्याला?" मी तोंड उघडले, तर शमुवेल म्हणाला, "आता नावाचं काय करायचंय?" तो राग माझा अजून गेलेला नाही आणि आता जायला वेळही नाही.

वकील उदयसिंह यांनी मला समजावले. "हन्नाबाई, मयताला काय ठेवता येत न्हाई. ह्ये कलम टिकायचं न्हाई, पाळणा पूजाकडंच जाईल."

"जाऊ दे की. पण वारसाचं नाव पुरं ल्ह्यावं लागतं का न्हाई?"

"लागतंय."

"मग ल्ह्या."

सबब, माझा सागवानी पाळणा मी इसहाक शमुवेल लोखंडे यास देत आहे. इसहाक म्हणजे 'तो हसतो'. तो हसला नाही, हसण्याएवढे त्याचे वय झाले नाही. पण हे मृत्युपत्र कचेरीत नोंदवले की निदान एका सरकारी शिक्क्याखाली त्याचे पूर्ण नाव असेल.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी उदयसिंह यांनी करावी. शमुवेल आणि पूजा दोघांना समोर बसवून कागद वाचावा, आणि पाचवे कलम मोठ्याने वाचावे. काम आत्याचे होते, ते वकिलावर आले. ज्या कानात नाव जायचे होते तो कान मातीत आहे. पूजाला हाक मारायला नाव मिळेल. ओ कोणी देणार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. पाचवे कलम उदयसिंह यांनी हळू वाचले, म्हणून ते पुन्हा मोठ्याने वाचायला लावले. आता बरोबर आहे.

सही: हन्ना देवदान लोखंडे

बाईंनी आमच्यासमोर सही केली:
१. सयाजी बाबूराव थोरात, मलकापूर
२. शालूबाई मारुती यादव, मलकापूर

ठिकाण: कराड
तारीख: १४ नोव्हेंबर २०२४