रुहीच्या मुलाखतीपर्यंत

पार्सिपनी, न्यू जर्सी
१८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. सुलभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून आईला बोलता येत नाही, म्हणून आपल्याकडे ईमेलवर का होईना पण पत्रं टिकली, असं रीमा म्हणते. मी आधी वहीत लिहितो, शुद्धलेखन तपासतो आणि मग टाइप करतो, याचं तिला हसू येतं. येऊ दे.

मागच्या वेळी तू विचारलं होतंस की रुहीला सरळ सरकारी शाळेत का घालत नाही, चांगली आहे आणि फुकट आहे. खरं कारण सांगतो. जानेवारीत तिच्या प्रीस्कूलच्या टीचरने माझ्या हातात एक फॉर्म दिला. मी वाचत होतो, जरा वेळ लागत होता. तेवढ्यात रुही इंग्रजीत टीचरला म्हणाली की बाबाला नाही येत, मम्मीला द्या. तिने चेष्टा नाही केली गं. माहिती दिली. रीमा कंपनीत टीम सांभाळते, आणि मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला, तिच्या व्हिसावर आलेला माणूस. इथे पिकअपच्या रांगेत सगळे पहिला प्रश्न विचारतात तो कुठे काम करता हाच.

देवळाने चालवलेली प्राथमिक शाळा आमच्यापासून वीस मिनिटांवर आहे. तिथे चौकशीला गेलो तेव्हा ऑफिसातल्या विनीताबाईंनी विचारलं की घरात मुलीला स्तोत्रं कोण शिकवतं. मी म्हणालो, मी. त्यांनी ते लिहून घेतलं. ताई, या देशात माझ्याविषयी कुणी काही चांगलं लिहून घेतलं, ते पहिल्यांदाच.

प्रवेशाचं गणित मात्र अवघड आहे. सोळा जागा. त्यांतल्या नऊ आधीच्या मुलांच्या भावंडांना, तीन शिक्षक-पुजाऱ्यांच्या मुलांना. राहिल्या चार, आणि अर्ज एकेचाळीस. मला वाटत होतं परीक्षा मुलाची असते. तसं नाही. मुलाला रंग, आकडे आणि स्वतःचं नाव एवढंच विचारतात. परीक्षा असते आईवडिलांची. दोन सभासद कुटुंबांची शिफारस, देवळात चाळीस तास सेवा, मग शाळेची माणसं घर बघायला येतात, आणि शेवटी मुलाखत. सेवेचे एकतीस तास झाले. दर रविवारी महाप्रसादाची भाजी चिरतो.

आई कशी आहे ते सविस्तर कळव. थंडी सोसेना म्हणून डिसेंबरात तिला तुझ्याकडे पाठवलं, आणि तिथल्या उन्हात हे व्हावं. भावोजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुझा
नकुल


चँडलर, ॲरिझोना
२१ फेब्रुवारी २०२५

चि. नकुल यास अ. उ. आ.

दहावीला हॉलतिकिटाच्या तीन झेरॉक्स काढून मूळ प्रत घरी विसरलेला माणूस तू. शाळेचे नियम तुला पाठ झाले असतील यात मला शंका नाही. रुहीच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. पाच वर्षांची पोर ती. नवरा असून जगन्नाथ अजून पाहुण्यांसमोर सांगतो की हिच्याशी बोलताना समोर उभे राहा, पाठीमागून बोललात तर भिंतीशी बोलल्यासारखं आहे.

आता आईचं. नीट बसून वाच. मंगळवारपासून घरी हॉस्पिसची नर्स येते. म्हणजे औषधोपचार थांबले, आता फक्त दुखू नये एवढंच बघायचं. नर्सच्या अंदाजाने दोन आठवडे, फार तर तीन. उजवी बाजू गेलीच आहे. डाव्या हाताने पाटीवर एकच अक्षर काढते, 'न'. मी विचारलं, नर्स हवी? नाकातली नळी टोचतेय? नको का? ती मान हलवत राहिली. तुझं नाव घेतलं तेव्हा हात खाली ठेवला.

तू ये. जगन्नाथने तिकिटं बघून ठेवली आहेत. पाच तासांचं विमान आहे, शुक्रवारी येऊन रविवारी परत जा. रुहीला आणू नकोस, आईचा चेहरा फिरला आहे, पोर घाबरेल.

वाट बघते. मायेने,
सुलभा


पार्सिपनी
२४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. रडलो, हे लिहायला हवं म्हणून लिहितो.

आता मी जे लिहिणार आहे ते तू रागावून वाचू नकोस. ८ मार्चला शाळेची माणसं घर बघायला येणार आहेत आणि १५ मार्चला, शनिवारी, मुलाखत आहे. मुलाखत देवळातच असते. आधी मूर्तीसमोर ताटात तांदूळ पसरून मुलाच्या हातून पहिलं अक्षर काढून घेतात आणि आईवडिलांनी मुलाचा हात धरायचा असतो. अर्जाच्या शेवटच्या पानावर त्याच दिवशी आम्हा दोघांची सही घेतात, की घराला अशौच नाही. सुतकात देवळाची पायरी चढता येत नाही, हे तुला सांगायला नको. आणि ती तारीख चुकली तर पुढे काय, हे नियमावलीत कुठेच नाही. याचा अर्थ जागा जाते.

खोटी सही मी करणार नाही. ते माझ्याने व्हायचं नाही. पण मुलाला आईचं सुतक बातमी कळल्या दिवसापासून लागतं. मला कळलंच नाही, तर माझी सही खरीच असेल.

म्हणून मी येत नाही. मी तिथे असताना काही झालं, तर ते मला कळलंच. आणि आधी काही झालं, तर १५ मार्चपर्यंत मला कळवू नकोस. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही कुणी काही टाकू नये असं सगळ्यांना बजाव. ही माझी लेखी विनंती समज. आई बरी राहणार असेल तर या सगळ्याची गरजच पडणार नाही, आणि मी १५ नंतर लगेच येतो.

सोबत रुहीच्या आवाजातला श्लोक पाठवला आहे. आईच्या कानाशी लाव. मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे ताई. समजून घेशील अशी आशा धरतो, आणि लोभ मागतो.

नकुल


चँडलर
२७ फेब्रुवारी २०२५

चि. नकुल यास अ. उ. आ.

तुझं पत्र जगन्नाथला वाचायला दिलं. तो म्हणाला, मेहुण्याने एक अर्ज यमाकडेही टाकून ठेवावा, वेटिंग लिस्टवर का होईना तारीख पुढची मिळेल. मी त्याला गप्प केलं. मग स्वयंपाकघरात जाऊन हसले. मग हसू थांबलं.

आई चार वर्षं तुझ्या घरी राहिली. रुहीचं सगळं तिने केलं, म्हणून रीमाला रात्रंदिवस काम करता आलं. हे मी हिशेब म्हणून लिहीत नाही. तू सगळं लिहून काढतोस, त्यात हे राहिलं असेल तर, म्हणून.

तिला सांगितलं की तू येत नाहीस. का, ते सांगितलं नाही. तिने पाटी मागितली नाही.

तुझी विनंती पोचली. ती मी अक्षरशः पाळीन.

सुलभा


चँडलर
५ मार्च २०२५

चि. नकुल यास अ. उ. आ.

आई शांत आहे. नळी काढली. ठसका लागत नाही. नर्सचं येणं बंद केलं. तिच्या खोलीची खिडकी मी दिवसभर उघडी ठेवते. तिला आता कशाचाही त्रास होत नाही. तू आपली मुलाखतीची तयारी कर.

सुलभा


पार्सिपनी
९ मार्च २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने जीव भांड्यात पडला. नळी काढली म्हणजे गिळता येऊ लागलं असावं, असं मी रीमाला सांगितलं. 'असावं' हा शब्द माझा आहे. तू यावर काही लिहू नकोस.

काल शाळेचे दोघं येऊन गेले. मी तीन दिवस घर घासत होतो. फ्रीजमधली अंडी शेजारच्या कबीरकडे नेऊन ठेवली, तर रुहीने दारातच त्यांना इंग्रजीत सांगितलं की आमची अंडी कबीर अंकलकडे राहायला गेली आहेत. पण ते गृहस्थ पोट धरून हसले आणि म्हणाले की आमचीही दर वर्षी जातात. मग देवघरासमोर रुहीने अख्खं स्तोत्र न अडखळता म्हटलं. कोणी शिकवलं विचारल्यावर तिने माझ्याकडे बोट दाखवलं. ताई, मी खाली बघितलं, नाहीतर त्यांना माझं तोंड दिसलं असतं.

त्यांनी भिंतीवरचा आईचा फोटो बघून विचारलं, या कुठे असतात. मी म्हणालो, बहिणीकडे, ॲरिझोनाला. हे खरंच आहे.

तुझ्या पत्रात आईच्या पोटात किती गेलं ते नाही. तू एरवी लिहितेस. मी विचारत नाही, नुसतं नोंदवतो. सहाच दिवस राहिले.

तुमच्या दोघांच्या मायेवर विसंबलेला,
नकुल


पार्सिपनी
१५ मार्च २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

झालं! रुहीला प्रवेश मिळाला. संध्याकाळीच ईमेल आली. चारातली एक जागा आपली.

तिने तांदळात 'श्री' काढला, मी वरून हात धरला होता. सही मी स्वच्छ अक्षरात केली. मुलाखतीत रीमाला दोन प्रश्न विचारले आणि मला नऊ. बाहेर आल्यावर रुही मला मराठीत म्हणाली, बाबा, तुला सगळं आलं.

एक गंमत सांगतो. आमच्या आधी ज्यांची वेळ होती ते कुटुंब आलंच नाही. त्या मुलाचे आजोबा या आठवड्यात वारले. मी विनीताबाईंना विचारलं की मग त्यांची जागा गेली का. त्या म्हणाल्या, कुणाचे वडील गेले म्हणून आम्ही त्याच्या मुलाची जागा काढून घेऊ का हो, त्यांना एप्रिलची तारीख दिली, दर वर्षी एकदोन घरांचं असं होतंच. नियमावलीत हे कुठेही लिहिलेलं नाही. आधी विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारलं की घरात कुणी आजारी आहे हे त्यांच्या कानावर जाईल, या भीतीने मी विचारलं नव्हतं. असो. आपल्यावर तशी वेळच आली नाही.

आता मोकळेपणाने लिही. गुरुवारचं तिकीट काढलं आहे. रुहीचा परकर-पोलक्यातला फोटो मोठा करून आणतो आहे, आईला दिसेल असा. तिला सांग, नकुल येतोय.

तुझा, आज फार आनंदात असलेला,
नकुल


चँडलर
१६ मार्च २०२५

चि. नकुल यास अ. उ. आ.

रुहीचं अभिनंदन.

आई ३ मार्चला, सोमवारी, सकाळी पावणेसातला गेली. फाल्गुन शुद्ध चतुर्थी. मी चहा ठेवायला गेले होते. परत आले तेव्हा झालं होतं. मला ऐकू येत नाही, त्यामुळे तिने शेवटी काही आवाज केला असेल तर तो कुणीच ऐकला नाही.

बुधवारी दहन झालं. इथे यंत्राचं बटण दाबायचं असतं. गुरुजी व्हिडिओवर होते. त्यांनी विचारलं, मुलगा कुठे आहे. जगन्नाथने सांगितलं, न्यू जर्सीत. त्यांना वाटलं विमान उशिरा असेल, म्हणाले थांबू या. आम्ही म्हटलं, नको. बटण मी दाबलं. घरी येऊन त्याच दुपारी तुला पत्र लिहिलं. ते पुन्हा काढून वाच. त्यात एकही शब्द खोटा नाही. खोटं तुला चालत नाही, हे मी लक्षात ठेवलं होतं.

दहावा जगन्नाथने केला. तेरावा काल झाला. तुम्ही मूर्तीसमोर होता तेव्हा इथे अकरा माणसं गोडाचं जेवत होती.

रुहीचा श्लोक मी त्या आधीच्या शनिवारी आईच्या कानाशी लावला होता. तो संपल्यावर ती दाराकडे बघत राहिली. पोरीचा आवाज आला म्हणजे मागून तूही येशील, असं तिला वाटलं असेल. फोन तिथे न्यायला नको होता, ही चूक माझी.

गुरुवारी यायचं तर ये. अस्थी ठेवल्या आहेत.

सुलभा


पार्सिपनी
१७ मार्च २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काय लिहू. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वाचलं. डोक्यावरून आंघोळ केली. तेव्हापासून जमिनीवर बसून आहे. माझे दहा दिवस कालपासून सुरू झाले.

एकच विचारायचं आहे. २२ तारखेला नव्या मुलांची देवळात पूजा आहे. मला आणि रीमाला जाता येणार नाही, आणि का ते विनीताबाईंना सांगावं लागेल. त्या विचारतील, आई कधी गेल्या. ३ तारीख सांगितली तर त्यांना वाटेल मी १५ला खोटी सही केली. ती खोटी नव्हती, हे तुला आणि मला माहीत आहे, पण त्यांना कसं पटवू? त्यांनीच तर मला इतक्या चांगुलपणाने वागवलं.

म्हणून आपण सर्वांनी १६ मार्च ही तारीख सांगावी. रीमाला मी तीच सांगितली आहे. तुझं पत्र पुसून टाकलं. वर्षश्राद्धही मी फाल्गुन वद्य द्वितीयेलाच करत जाईन, म्हणजे घोळ राहणार नाही. माझ्यापुरती ती त्याच दिवशी गेली, आणि शास्त्रही जवळपास तेच म्हणतं. रीमाच्या सांगण्यावरून रुही २२ला आमची शिफारस करणाऱ्या एका कुटुंबाबरोबर जाईल, नातीला सुतक तीनच दिवसांचं असं मी वाचलं आहे.

भावोजींनाही सांगून ठेव. गुरुवारी अस्थी घ्यायला येतो. एवढं ऐकशील ना? लोभ तुटू देऊ नकोस.

नकुल


चँडलर
१८ मार्च २०२५

चि. नकुल यास अ. उ. आ.

माझ्याकडे ३ मार्चला गेलेल्या आईच्या अस्थी आहेत. १६ला गेलेल्या बाईच्या नाहीत. तिकीट रद्द कर.

शनिवारी, २२ला सकाळी, मी आणि जगन्नाथ अस्थी नदीवर नेऊ. त्याच वेळी तिकडे रुहीची पूजा असेल, तेव्हा तुला दोन्हीकडे जायचं नाही. सोयीचं होईल.

रुहीला शाळेसाठी अनेक आशीर्वाद. यापुढे लोभाची विनंती करू नये, ही विनंती.

सुलभा