पाच खुर्च्या आणि पुष्पगुच्छांचं ताट

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आणि जाऊबाईंचा रक्तदाब आटोक्यात असावा. माझी तब्येत उत्तम. राग आला की माझं पचन सुधारतं, आणि कालपासून तर दगडही पचेल.

कालच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत मंचावर तुम्ही होतातच, पण डोळे मिटून (कानाला दुभाष्याचं यंत्र होतं, म्हणून लोकांना वाटलं चिंतन चाललंय). तेव्हा सविस्तर लिहिते. विषय होता 'आरोग्याचं नेतृत्व आणि स्त्रिया'. मंचावर पाच खुर्च्या, पाचांवर पुरुष. जन्मभर वॉर्ड सांभाळून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या मला 'खास पाहुणी' म्हणून बोलावलं आणि हातात पुष्पगुच्छांचं ताट दिलं. "मी बोलायचं कधी?" विचारलं, तर संयोजक म्हणतात, "ताई, तुम्ही फक्त हसायचं!" पहिल्या वक्त्यानं स्त्रीच्या सोशिकपणाचं इतकं कौतुक केलं, की मला सलाईनचा स्टँडच आठवला. (तोही रात्रंदिवस उभा असतो आणि तक्रार करत नाही.)

तुमच्या आरोग्य खात्यातली, तुमच्या हाताखालची उपसंचालिका मंचाखाली वाकून तुमच्याच भाषणाची पानं लावत होती. साथीत दारोदार लस पोचवली तिनं, भाषण लिहिलं तिनं, आणि परिषदेच्या अध्यक्षपदाला तिच्याविरुद्ध उभे तुम्ही! तुम्ही अनुभवी आहात म्हणे. आहातच. तिच्या कामाचा तुम्हाला कितीतरी वर्षांचा अनुभव आहे.

गुच्छ वाटत तुमच्यापाशी पोचले, तर तुम्ही चक्क घोरत होतात, तेही चालू माईकसमोर. दुभाषे बिचारे गांगरले (याचं भाषांतर काय करणार?). मी खाली उतरून तुमचा गुच्छ उपसंचालिकेला दिला. "अहो बाई, हा माझा नाही," ती म्हणाली. म्हटलं, "धर गं मुकाट्यानं!" मग घराण्याची अब्रू राखायला तुमचा माईक उचलला आणि एक वाक्य बोलले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे, हे कॉन्व्हेंटमधल्या मदरनं छडी हातात घेऊन शिकवलंय. तो पोचला. टाळ्यांच्या कडकडाटानं तुम्ही जागे झालात आणि स्वतःही टाळ्या वाजवल्यात. फार शोभून दिसलात हो!

जाऊबाईंना नमस्कार.

तुमची,
वहिनी

ता. क. : मतदान उद्या आहे. तिच्यासाठी उमेदवारी मागे घ्यावी, ही विनंती.

आणखी ता. क. : विनंती कसली, कळवतेच आहे. माझं ते एक वाक्य असं होतं : "भाऊजींनी उपसंचालिकेसाठी आपलं नाव मागे घेतलं आहे." टाळ्या त्या वाक्यालाच होत्या, आणि सगळ्यांत जोरात तुमच्या. आता घरी अभिनंदनाला लोक येतील. घाबरू नका, बोलायचं काही नाही. तुम्ही फक्त हसायचं.