नवऱ्याच्या नावाचं कुलूप

विक्कीभाऊले धाकट्या बहिनीचा, पुनमचा, दोन्ही हातानं नमस्कार. माय-बाबू बरे असतीन, वहिनीची कंबरदुखी उतरली असन, अन् तुहा पाखऱ्या तं तुमच्या साऱ्यायहून खुशाल असन, कारन घरातलं चांगलंचुंगलं पहिले त्या बैलाच्याच पुढं जाते. इथी मी अन् दिव्या बऱ्या आहो. (दिव्याले दोन दात आले. मले नुसता घाम येऊन राह्यला.) दिव्याचे पप्पा ट्रक घेऊन गेले ते अजून आले नाईत, म्हनून जे काई भोगून राह्यली ते एकटीच.

तुले माईत आहे, मी या मिशनच्या विद्यापीठात किती मोठी साहेबीन आहे ते. मेसमध्ये वांगे चिरते. वांगे चिराले काम्पूटर लागत नाई असं मले वाटत होतं, पन विद्यापीठ सुधारलं. सुट्टी पायजे तं काम्पूटर, पगाराची चिठ्ठी पायजे तं काम्पूटर. म्हनून मेसच्या बायायलेही एकेक खातं देलं, मोबाइलात विद्यापीठाचं इंटरनेटही त्याच्यानंच चालू होते, अन् त्याच्यासाठी आमाले चर्चच्या बाजूच्या हॉलात बसोलं. पहिले प्रार्थना झाली. मंग काम्पूटरचे मोठे साहेब, जेकब सर, उठले (केरळचे आहेत, त्यायची मराठी समजाले हिंदी यावं लागते). त्यायनं सांगतलं का काम्पूटर अन् इंटरनेट हे देवानं आपल्या हाती सोपवलेलं धन आहे, ते उधळाचं नाई, दुसऱ्याच्या हाती द्याचं नाई, अन् पासवर्ड म्हनजे त्या धनाचं कुलूप, तो सख्ख्या नवऱ्यालेही सांगाचा नाई. हॉलातले पंखे बंद होते. बहुतेक तेही देवाचंच धन असन.

मंग सरच्या हाताखालचा प्रणितभाऊ आमची रांग लावून एकेकीले पासवर्ड बनवून देऊ लागला. म्हने, असं नाव सांगा जे विसरनार नाई अन् कोनापुढं बोलनार नाई. आमची गुणाबाई डोस्क्यानं तेज. ती म्हने, “नवऱ्याचं टाक बापा, जीव गेला तरी मी ते तोंडातून काढत नाई.” झालं, साऱ्या मेसनं नवऱ्याचं नाव टाकलं. अन् आमाले ते सांगावंही नाई लागलं, प्रणितभाऊले सगळ्यायचे नवरे पाठ. तिथीच खरं तं डोकं चालाले पायजे होतं, पन एवढ्या शिकलेल्या मानसाचं नाई चाललं, तं माहं कुठून चालते? जे नाव मी घेत नाई ते गेटवरचा चौकीदार घेते, चहावाला घेते, माहेरचे तं उठताबसता घेतेत. लय मजबूत कुलूप! मालकीन सोडून कोनीही उघडा.

आता आयक. मांगच्या आठवड्यात नर्सिंगच्या पोरीयची परीक्षा काम्पूटरवर चालू होती, अन् भर पेपरात इंटरनेट मेलं. पोरी रडल्या, सिस्टर रडल्या, जेकब सर जिन्यावरून असे उतरले का एक चप्पल वरच राह्यली. शोधलं तं सारं इंटरनेट एकटी बाई ओढून राह्यली होती. ती बाई मी. वांगे चिरता चिरता.

मले ऑफिसात बोलावलं. फादर, जेकब सर अन् मेसच्या सिस्टर बसून होत्या, अन् खोली अशी थंडगार का मी भेवानं कापून राह्यली का एसीनं तेच समजेना. सरनं वाचून दाखोलं मी काय काय पाह्यलं ते. मले वाटलं काई वंगाळ निंगते. निंगाले शंकरपट. कुठच्या कुठच्या बैलजोड्यायच्या शर्यती, एकामागून एक उतरवून घेतल्या, अन् मधामधात तोंडी लावाले झाडीपट्टीचे नाटकं. वरून एका व्हिडिओखाली माह्या नावानं लिवलं होतं का ह्या जोडीले तं आमचा पाखऱ्या एकटाच हरवन. फादरनं चष्मा काढून विचारलं का हे पाखऱ्या तुमचे कोन लागतेत.

मी म्हटलं हे मी नाई केलं. सर म्हने, मंग तुमचा पासवर्ड काय, तो कोनाले सांगतला? आता त्या तीन मानसायपुढं कसा सांगू? मी पदर तोंडात धरला. सरले वाटलं चोरी लपवून राह्यली, त्यायनं आवाज चढोला. शेवटी माह्या तोंडून निंगालं, “सर, उखान्यात घेऊ काय?” सिस्टर खोकत खोकत बाहीर गेल्या. जेकब सरनं प्रणितभाऊले विचारलं का उखाना हे कोनतं नवीन ॲप आहे, अन् ते बंद कराले सांगतलं.

हसून घे. पन सोमवारी कमिटी बसते. कोन केलं ते कळलं नाई तं माहं काम जाते. काम गेलं का मेसमांगची खोली जाते, अन् खोलीसंगं दिव्याचं पाळनाघर. रातभर मी तिच्या पायाले हात लावून पडून राहते. इथून काढलं तं हिले घेऊन कुठी जाऊ, एवढंच डोस्क्यात फिरते.

चोर कोन ते मी काऊन सांगू? फादर रांचीकडचे, सिस्टर केरळच्या, पोरी चारी मुलखाच्या. शंकरपटावर जीव टाकनारं यायच्यातलं कोन असन, तूच विचार करून पाय. मोठ्यायच्या पाया पडते, वहिनीले सांभाळ. पाखऱ्याले मात्र माह्याकडून काईच सांगू नको.

तुही बहीन, जिच्या नावावर भर परीक्षेत बैल पळाले,
पुनम

ता.क. : परीक्षेच्या दिवशी पाळनाघर बंद होतं अन् तू दिव्याले सांभाळाले माह्या खोलीवर थांबला, त्याचे उपकार लिवाचे राह्यले. पोरगी दिवसभर रडली नाई, असं तूच म्हनला. आता रडली का जिभेनं टकटक करून ‘हुर्र’ म्हटल्याबिगर चूप होत नाई. हे तिले कोन शिकोलं, मी विचारत नाई.

आनखी एक : रविवारीच निंग. चंद्रपुरात बस बदल, भद्रावतीच्या अलीकडं उतर. मोबाइल आन, अन् कमिटीपुढं आपल्या तोंडानं सांग का भाऊजीचं नाव टाकून पाह्यलं अन् कुलूप उघडलं. तुले रागावतीन, दोन घास कमी जातीन. माही खोली राहीन.

अन् शेवटचं : नाई आला, तं कमिटी मलेच विचारन का कोन होतं. भाऊ, मी नवऱ्याचं नाव घेत नाई. भावाचं नाव घ्याले मले कोनी मनाई नाई केली, अन् त्याले उखानाही लागत नाई.